पंचाहत्तरी बाबांची, मेनू कोणाचा?

पत्र :

नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपासून आम्ही पेरूमध्ये, लिमाला राहतोय. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा ठाण्याहून येतायत. 27 जुलैला बाबांची पंचाहत्तरी आहे, दोन दिवसांनी आम्ही सगळे कुस्कोला निघू. नवऱ्याचा हट्ट आहे की वाढदिवसाला 'सेंत्राल'मध्येच जायचं, जगात पहिलं आलेलं रेस्टॉरंट आहे, पुन्हा असा योग येणार नाही. त्याचे साहेब म्हणतात, सेंत्राल आता यादीतसुद्धा नाही, 'माइदो'ला जा. बाबा देवगडचे, मासे जीव की प्राण, पण गोमांस चालत नाही. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही, वर चातुर्मासात कांदा-लसूण बंद. तिचे गुडघेही दुखतात. मुलगा अकरा वर्षांचा. किंमत ऐकून बाबा फोनवरच म्हणाले, "एवढ्यात गावजेवण होईल." नवऱ्याचं मन मोडायचं नाही आणि आईला उपाशीही ठेवायचं नाही. काय करू?

– एक लेक, लिमा

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी तुमच्या यजमानांच्या साहेबांचा गैरसमज दूर करते, म्हणजे घरातला निम्मा वाद मिटेल. 'वर्ल्ड्स 50 बेस्ट'च्या यादीत सेंत्राल 2023 साली पहिलं आलं आणि माइदो 2025 साली. एकदा पहिलं आलेलं रेस्टॉरंट पुढच्या वर्षांच्या मतदानातून बाहेर पडतं, त्यांची वेगळी मानाची पंगत आहे. त्यामुळे सेंत्राल यादीत दिसत नाही याचा अर्थ ते घसरलं असा नाही. आता यजमानांसाठी दुसरी बाजू. ही यादी हजारभर शेफ, खाद्यलेखक आणि फिरते खवय्ये मतं देऊन ठरवतात. कांदा-लसूण सोडलेल्या, गुडघे दुखणाऱ्या आईला तिथे काय मिळेल, हे त्यांना कोणी विचारलेलं नसतं. जगात पहिलं आलेलं रेस्टॉरंट तुमच्या बाबांच्या पंचाहत्तरीला पहिलं असेलच असं नाही. माझ्या मते ते त्या दिवशी पहिल्या तिनातही नाही.

का, ते सांगते. सेंत्रालमध्ये आपण जेवण मागवत नाही, विर्हिलिओ मार्तिनेस यांनी मांडलेला पेरू आपल्यासमोर एकेक करून येतो. समुद्राच्या पोटापासून अँडीजमधल्या 4000 मीटरच्याही वरपर्यंत, एकेका उंचीचा एकेक पदार्थ. बारा-चौदा वाढणी, तीन तासांच्या वर बैठक. प्रत्येक पदार्थाबरोबर वाढणारा किंवा वाढणारी येऊन सांगणार, हे कुठल्या नदीतलं, ते कुठल्या पठारावरचं. मांडणीत दगड, शेंगा, वाळकी पानं असतात, त्यातलं काय खायचं आणि काय नुसतं बघायचं हेही तेच सांगतात. त्यांचा एक गाजलेला पदार्थ म्हणजे ॲमेझॉनमधल्या पिरान्हा माशाची कुरकुरीत त्वचा. ती वाढली जाते खऱ्या, वाळवलेल्या पिरान्हांच्या डोक्यांवर, दात विचकलेल्या. तुमच्या मुलाला हे आयुष्यभर पुरेल. बाबा कदाचित मान पुढे करून निरखून बघतील. पण शेजारी आई बसलेली आहे हे विसरू नका. आधी कळवलं तर अशी मोठी स्वयंपाकघरं शाकाहारी ताट वेगळं करतात, त्यात ती कमी पडत नाहीत. प्रश्न ताटाचा नसून टेबलाचा आहे. तिच्या डोळ्यांसमोर तीन तास काय काय येणार, आणि ती अवघडून बसली की बाबा कितपत खुलणार?

अशा जेवणाला मी नावं ठेवत नाही. ते अनुभवण्यासारखंच आहे, पण तो शेफचा कार्यक्रम असतो आणि आपण प्रेक्षक. पंचाहत्तरीला बाबा प्रेक्षक नकोत. त्या दिवशी त्यांनी बोलायचं, आपण ऐकायचं. पंचाहत्तर सालांतल्या गोष्टी रंगात आल्या असताना दर पंधरा मिनिटांनी कोणी येऊन नदीचं नाव सांगू लागलं, तर दोघांचीही लय तुटते.

माइदोचंही थोडक्यात सांगते. मित्सुहारू 'मिचा' त्सुमुरा यांचं हे मिराफ्लोरेसमधलं रेस्टॉरंट निक्केई पद्धतीचं, म्हणजे पेरूत स्थायिक झालेल्या जपान्यांच्या हातून घडलेलं खाणं. आत शिरताच सगळा कर्मचारीवर्ग एका सुरात "माइदो!" म्हणून स्वागत करतो, मुलाला मजा येईल. माशांचं काम अप्रतिम. पण त्यांची सगळ्यात नावाजलेली गोष्ट तासन्‌तास शिजवलेली गोमांसाची बरगडी आहे, आणि कच्चा मासा भरपूर. बाबांना ताजा मासा म्हणजे कालवण आणि तळलेली तुकडी, असं मी धरून चालते. देवगडच्या माणसाला कच्चा मासा वाढून त्याच्याकडून वाहवा मिळवणं कठीण.

मग कुठे? माझं मत 'आस्त्रिद इ गास्तोन'ला, आणि तेही दुपारच्या जेवणाला.

गास्तोन आकुरिओ यांना घरच्यांनी कायदा शिकायला माद्रिदला पाठवलं होतं, ते पोहोचले स्वयंपाकात. पॅरिसला शिकताना भेटलेल्या जर्मन आस्त्रिद गुत्शे यांच्याबरोबर त्यांनी 1994 साली मिराफ्लोरेसमध्ये हे रेस्टॉरंट काढलं, ते सुरुवातीला चक्क फ्रेंच पद्धतीचं. हळूहळू फ्रेंच मेनू गळत गेला आणि त्याची जागा पेरूच्या मिरच्या, बटाटे, मक्याने घेतली. आज लिमाचा जो बोलबाला आहे त्याची वाट बऱ्याच अंशी या घराने पाडली. 2014 पासून ते सान इसिद्रोमधल्या 'कासा मोरेयरा' या जुन्या हवेलीत आहे. उंच छत, अंगण, टेबलांमध्ये मोकळी जागा, म्हणजे आवाज न चढवता बोलता येतं. पंचाहत्तरीच्या माणसाला ही चैन खाण्याइतकीच महत्त्वाची असते. आणि मुख्य म्हणजे इथे मेनूकार्डावरून आपल्याला हवं ते मागवता येतं. बाबांना मासा, आईला तिचं, मुलाला त्याचं, यजमानांना काहीतरी अचाट. त्यांच्यासाठी तिथला गाजलेला 'कुय पेकिनेस' आहे, गिनीपिगचं मांस पेकिंग डकच्या थाटात. ते आईच्या समोरच्या खुर्चीत बसून मागवू नये एवढंच.

जुना वाडा म्हणजे पायऱ्या आल्याच. बुकिंग करतानाच विचारा की गाडी कुठे थांबते, कमी पायऱ्यांचा रस्ता कोणता, आणि टेबल खालच्या मजल्यावर मिळेल का. स्वच्छतागृह जवळ आहे का हेही विचारा. या गोष्टी विचारायला लोक संकोचतात आणि नको तिथे अडतात.

दुपार का, तर भारत आणि लिमाच्या घड्याळात साडेदहा तासांचं अंतर आहे. तुमच्याकडे रात्रीचे आठ म्हणजे ठाण्यात दुसऱ्या दिवशीची सकाळची साडेसहा. भारतातून थेट विमान नाही, म्हणजे दोघंही एक अख्खा दिवस प्रवासात काढून येणार. पहिले चार-पाच दिवस संध्याकाळी सात वाजता त्यांच्या माना डोलायला लागतील. लिमात चांगल्या ठिकाणी रात्रीची गर्दी आठनंतर जमते. रात्री साडेनऊला गोडाची वाट बघत पेंगणारे बाबा, असा फोटो वाढदिवसाच्या अल्बमात नको. दुपारी एकला बसा, चारला घरी या. तसंही लिमाच्या घराघरांत मोठं जेवण दुपारचंच असतं, रविवारी तर आजी-आजोबांसकट सगळं कुटुंब टेबलाला असतं. म्हणजे तुम्ही काही वेगळं करत नाही आहात. दुपारची जागा मिळणंही त्या मानाने सोपं जातं.

तारखेचीही एक गोम आहे. 28 आणि 29 जुलै हे पेरूचे राष्ट्रीय सणाचे दिवस. त्या आठवड्यात शाळांना सुटी असते, कोणी गावाला जातं, कोणी नातेवाइकांना घेऊन बाहेर जेवतं, काही ठिकाणं बंदही असतात. दोन वर्षांत तुम्ही हे पाहिलं असेलच. म्हणून मेच्या आतच जागा धरा, आणि आठवडाभर आधी पुन्हा फोन करून पक्कं करा. कुस्कोला निघायच्या आदल्या रात्री मात्र हलकंच जेवा. 3400 मीटर उंचीवर पोट जड घेऊन उतरलं तर या वयात त्रास होतो.

आता आईंबद्दल. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच आहे आणि खरी गंमतही.

अडचण ही की पेरूचा स्वयंपाक सुरूच होतो कांदा, लसूण आणि 'आही' मिरचीच्या परतण्याने. शाकाहारी म्हटल्यावर मांस काढतील, पण भाताला कोंबडीचं पाणी, राजमा-भाताच्या 'ताकू ताकू'ला डुकराची चरबी, सॉसमध्ये कोळंबीचा अर्क, हे राहून जाऊ शकतं. 'सिन कार्ने' म्हटलं तर काही ठिकाणी कोंबडी आणून ठेवतात, कारण कार्ने म्हणजे त्यांच्या मनात लाल मांस. तेव्हा फोनवर तोंडी सांगू नका. स्पॅनिशमध्ये चार ओळी लिहून मेल करा : मांस, कोंबडी, मासे, शिंपल्या नाहीत, कसलाही रस्सा किंवा चरबी नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही, दूध, लोणी, चीज चालतं. त्याच चार ओळींची चिठ्ठी त्या दिवशी पर्समध्ये ठेवा आणि टेबलाशी आलेल्या माणसाच्या हातात द्या. अशी ठिकाणं हे व्यवस्थित सांभाळतात, फक्त त्यांना वेळ हवा. त्या दिवशी दारात जाऊन सांगितलं तर वाटीभर सॅलड येतं आणि आई "मला पुरे आहे" म्हणून सगळ्यांना गप्प करते.

गंमत अशी की तुमच्या आईचं उपासाचं अर्धं ताट मूळचं याच खंडातलं. बटाटा तर अँडीजचा, तिथे त्याच्या तीन हजारांहून अधिक जाती आहेत आणि आंतरराष्ट्रीय बटाटा संशोधन केंद्र 1971 पासून तुमच्या लिमातच आहे. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा तुमच्या बाजारात युका म्हणून मिळतो. हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत जिरं, तूप आणि मीठ सोडलं तर उरलेलं सगळं पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे आलेलं. अँडीजमधली किविचा म्हणजे राजगिऱ्याची सख्खी बहीण. आईला हे जेवणाच्या आधी, घरी, निवांतपणे सांगा. सुर्कियोच्या बाजारात नेऊन पिवळे, जांभळे, वाकडेतिकडे बटाटे दाखवा. मग रेस्टॉरंटमध्ये समोर ताट आलं की त्यांना ते परकं वाटणार नाही.

मागवायचं काय, तर पहिल्यांदा भाजलेल्या किंवा उकडलेल्या देशी बटाट्यांचं काहीतरी. मग काउसा : लिंबू आणि पिवळी मिरची घालून मळलेल्या गार बटाट्याचा थर, मध्ये आव्होकाडो. नेहमीच्या काउसात कोंबडी किंवा ट्यूना आणि मेयोनेझ असतं, म्हणून 'फक्त आव्होकाडो, मेयोनेझ नको' असं स्पष्ट सांगायचं. तळलेला युका मुलगाही संपवेल. मोठ्या दाण्यांचा चोक्लो मका आणि पांढरं चीज, किनोआ, मशरूम. पापा आ ला वानकाईनाच्या पिवळ्या सॉसमध्ये बहुतेकदा कांदा-लसूण पडतो, तेव्हा तो चातुर्मासात सोडा. गोडात सुस्पिरोमध्ये अंडं असतं, ते टाळा. जांभळ्या मक्याची मासामोर्रा रताळ्याच्या पिठाने दाट करतात, ती चालेल. आणि पिकारोनेस! भोपळा आणि रताळ्याच्या पिठाची तळलेली कडी, वरून चांकाकाचा पाक. चांकाका म्हणजे उसाचा गूळच. आपल्या घारग्यांच्या इतकं जवळचं दुसरं काही तुम्हाला त्या देशात सापडणार नाही. मोठ्या रेस्टॉरंटात नाही मिळाले तर मिराफ्लोरेसच्या केनेडी पार्कात संध्याकाळी गाड्यावर गरम मिळतात. पिठात अंडं आहे का, एवढं विचारून घ्या.

बाबांच्या माशांसाठी मात्र वेगळा दिवस ठेवा. सेविचेरिया, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाची, सेविचेची ठिकाणं, दुपारीच चालतात, ताज्या माशाचा कारभार सकाळच्या बाजाराशी बांधलेला असतो. मिराफ्लोरेसमधलं आकुरिओंचंच 'ला मार' 2005 पासून आहे, गजबजलेलं, आनंदी ठिकाण, बारा-साडेबाराला पोहोचलात तर रांग टळेल. सेविचे एकच प्लेट मागवून सगळ्यांनी चाखा. बाबांना पोटभर 'सुदादो' द्या. टोमॅटो, मिरची आणि मक्याच्या आंबवलेल्या पेयात वाफवलेला कोर्विना मासा, पातळ रस्सा, सोबत भात. कोकम आणि खोबरं नाही म्हणून कुरकुर करतील, पण वाटी पुसून खातील. आईंना त्या दिवशी घरीच आराम करू द्या, दोघा बापलेकींना गप्पा मारायलाही बरं.

समुद्राकाठच्या 'ला रोसा नाउतिका'चा मोह होईल, लाटांवर उभ्या असलेल्या धक्क्यावर बसून जेवायचं म्हणजे फोटो छान येतात. पण जुलै म्हणजे लिमाचा हिवाळा. आभाळ दिवसच्या दिवस राखाडी, गारुआ म्हणजे धुक्यासारखी बारीक भुरभुर, अंगात शिरणारी दमट थंडी. सूर्यास्त दिसायचा नाही आणि धक्क्यावरून चालताना वाऱ्याने गुडघे आखडतील. ते डिसेंबर ते एप्रिलमध्ये येणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवा. त्यापेक्षा एका संध्याकाळी 'वाका पुक्याना' करा. इंका साम्राज्याच्या कितीतरी शतकं आधीच्या लिमा संस्कृतीतला, मातीच्या विटांचा पिरॅमिड, मिराफ्लोरेसच्या वस्तीच्या अगदी मधोमध. विटा आडव्या नाहीत, फडताळातल्या पुस्तकांसारख्या उभ्या रचलेल्या, भूकंपाच्या धक्क्यात हलायला जागा राहावी म्हणून. रात्री त्यावर दिवे सोडतात आणि शेजारच्या रेस्टॉरंटच्या ओसरीवरून तो समोर दिसतो. खाणं नेहमीचं पेरूचं, नीटस, काही क्रांतिकारक नाही. पण ते दृश्य पाहून बाबांना प्रश्न पडतील, आणि प्रश्न पडले की ते खुश असतात, अशी बहुतेक बाबांची जातकुळी असते. गोधडीवजा शाल बरोबर ठेवा.

आता यजमान. त्यांचं मन मोडू नका, फक्त तारीख बदला. आई-बाबा परत गेल्यावर, किंवा एखाद्या दुपारी नातू आजी-आजोबांकडे सोपवून, तुम्ही दोघंच बारांकोला जा. सेंत्राल 2018 पासून तिथे 'कासा तूपाक'मध्ये आहे, आणि त्याच इमारतीत पिया लेओन यांचं 'कियोये' आहे. पिया म्हणजे विर्हिलिओ यांच्या पत्नी, सेंत्रालमध्ये वर्षानुवर्षं राबलेल्या, 2021 च्या जगातल्या सर्वोत्तम महिला शेफ. 2025 च्या यादीत कियोये पहिल्या दहात होतं. मला विचाराल तर दोघांसाठीसुद्धा मी कियोयेच निवडेन, तिथे पदार्थ व्याख्यान कमी देतात आणि रंगाने, चवीने जास्त बोलतात. ओका, ओयुको, माश्वा अशा कंदांचा त्यांचा टार्ट बघितल्यावर यजमानही सेंत्राल पुढच्या वर्षावर ढकलतील. आणि समजा ते हटूनच बसले की बाबांनाही कासा तूपाक दाखवायचं, तर तडजोड म्हणून तिथे दुपारी न्या, जिना आणि लिफ्टची चौकशी करून.

पैशांचं. सेंत्राल किंवा माइदोला पेयांशिवायच माणशी हजार सोल्सच्या पुढे धरा, एक सोल सध्या पंचवीस रुपयांच्या आसपास आहे. पाच जणांचा हिशोब बाबा टेबलावर बसून मनात करतील, त्यांच्या पिढीला ते जमतंच. आस्त्रिद इ गास्तोनला मेनूवरून मागवलंत तर खर्च बराच कमी होतो. लिमात मेनूवर छापलेला दर करासहित असतो, बक्षीस म्हणून दहा टक्के ठेवायची पद्धत आहे. तुम्ही एक करा, आत शिरतानाच यजमानांना कार्ड काउंटरवर देऊन ठेवायला सांगा, बिल टेबलावर येऊच नये. बाबांनी विचारलंच तर "कंपनीकडून आहे" म्हणू नका, ते लगेच ओळखतील. "तुमच्या लेकीने दिलंय" एवढंच सांगा.

औक्षण सकाळी घरीच उरका. निरांजन पर्समधून काढून रेस्टॉरंटमध्ये लावायचा विचार असेल तर सोडून द्या, धुराची घंटा वाजली तर पंचाहत्तरी वेगळ्याच कारणाने लक्षात राहील. वाढदिवस असल्याचं बुकिंगमध्ये लिहिलं की ते आपणहून मेणबत्ती लावलेलं काहीतरी आणतात, त्यात अंडं असणारच; म्हणून आईंच्या हातचा शिरा घरी, संध्याकाळी. आणि बाबांना पिस्को सावरचा घोट घ्यायचा असेल तर घेऊ द्या, पण वरचा तो पांढरा फेस कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचा असतो हे आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर त्या कौतुकाने एक घोट चाखून बघतील. बिनअंड्याचं हवं असेल तर चिल्कानो मागवा, पिस्को आणि जिंजर एल. आईंसाठी जांभळ्या मक्याची चिचा मोरादा, लवंग-दालचिनी घातलेली, साखर कमी सांगून.